विरोधातल्या तीन चिठ्ठ्या

घाईघाईत लिहितेय. या ग्रुपमधले तुम्हीच समजून घ्याल.

आमची बंगळुरातल्या चामराजपेटची इमारत बहुतेक जुन्या, कानडी मिसळून बोलणाऱ्या मराठी घरांची. मीना आणि मी इथे सहा वर्षं संसार करतोय. शेजाऱ्यांना वाटतं, आम्ही मावसबहिणी आहोत.

आज सकाळी गच्चीवर सभा झाली. टीव्हीवर दोन बायकांच्या लग्नावरचा वाद बघून सेक्रेटरी मोहनअण्णांनी ठराव आणला, की असल्या जोडप्यांना इथे घर द्यायचं नाही. "कोर्टानंच मान्यता दिली नाही, मग आपण कशाला द्यायची?" गेल्या महिन्यात मीना तापानं फणफणली, तेव्हा ऑटो बोलावून दवाखान्यात नेणारे हेच अण्णा.

मतदान गुप्त होतं. मी चिठ्ठीवर 'विरोध' असं लिहिलं.

ठराव पास झाला. विरोधात फक्त तीन चिठ्ठ्या निघाल्या.

टाळ्या थांबल्यावर अण्णा हसत म्हणाले, "ही तीन घरं कुठली, ते स्वल्प बघावं लागेल. अक्षर ओळखता येतं." त्यांनी त्या चिठ्ठ्या खिशात ठेवल्या. मग माझ्याकडे वळले. "अक्का, सभेची वही तुम्हीच लिहिता ना? सरी, ठीक आहे, संध्याकाळी आणून द्या."

मीना म्हणतेय, सामान बांधूया. पण उरलेल्या दोन चिठ्ठ्या कुणाच्या, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. संध्याकाळच्या आत त्यांना शोधू का? तुम्ही काय केलं असतं?