बंद ठेवलेलं प्लगइन

वागळे इस्टेटमधल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात ते मला एकदाच भेटले. सत्तरीचे असतील. कळव्याचे, खाडीकाठच्या मिठागरांवर ब्लॉग लिहिणारे. मीही ब्लॉग लिहिते हे कळल्यावर त्यांनी आपला लॅपटॉप सरळ माझ्यापुढे सरकवला. त्यांच्या ब्लॉगला जोडलेली, जुनी झालेली छोटी सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगइन्स, मी एकेक करून अपडेट केली. फालतू प्रतिक्रिया अडवणारं प्लगइन तेवढं त्यांनी मुद्दाम बंद ठेवलेलं.

"काका, हे चालू करू? नाहीतर नुसत्या जाहिराती येत राहतील."

"नको. येऊ दे."

रोज सकाळी ते त्या जाहिराती स्वतः काढत बसतात म्हणे. चष्मा कपाळावर चढवून, स्क्रीनला नाक लावून त्यांनी मला दोनचार काढूनही दाखवल्या, तांदळातले खडे बाजूला सारावेत तशा, बोटाच्या टोकाने.

मग म्हणाले, "लहानपनी माझ्याबरोबर मिठागरावर एक पोर यायची. लग्न होऊन शीळफाट्याला गेली. माझा ब्लॉग वाचून तिनं नातीकडनं त्याखाली चार ओळी लिहून घेतल्या, आमच्या आगरी बोलीत. या प्लगइनला वाटला, कचराच हाय. मना दिसल्या, तवर ती गेलेली."

निघताना त्यांनी माझ्या ब्लॉगचं नाव विचारून घेतलं.

संध्याकाळी मी माझ्या ब्लॉगवरच्या अडवलेल्या प्रतिक्रिया पहिल्यांदाच उघडून पाहिल्या. परदेशी औषधांच्या जाहिरातींमध्ये एक ओळ होती : "बाय, ये कवातरी घरा, जेवाला."