दत्तू हात चोळत होता

मंडळी, आज परळच्या इस्पितळातून आलो तो थेट चाळीच्या या फळ्यापाशी.

आपल्या दत्तूचा गावचा थोरला भाऊ, सखादादा, छातीच्या दुखण्याने तिथे आहे. शेतात राबणारा, पेज-भाकरीवरचा माणूस; पण मुंबईत मोर्चावर गोळीबार झाल्याचं गावी कळल्यापासून दत्तूच्या काळजीने त्याची झोपच उडाली होती.

उशाशी बसलेला दत्तू आपलाच डावा हात चोळत होता.

"काय रे?" मी विचारलं.

"काय नाय, काका. रातपाळी, तंबाखू... वायू झालो असात. दादाक सांगू नकात."

दादा डोळे मिटूनच म्हणाला, "माका ऐकाक येता रे. काका, आधी डाक्टरांक बोलवा."

डॉक्टरांनी दत्तूलाही खाटेवर घेतलं. दुखणं हृदयाचंच निघालं.

घरच्यांना घोर नको म्हणून आणखी कोण असं दुखणं लपवून बसलंय? मला सांगा. सकाळी मी इस्पितळात सोबत येतो.