आर्लिसबाईंचा तवा आणि ऑर्विनची टोपली

आमच्या गावात एखादी गोष्ट मनापासून आवडली तर माणसं "वाईट नाही" म्हणतात. "बरं आहे" म्हटलं की त्यापुढे कौतुकाला जागाच उरली नाही असं समजायचं. आर्लिस ट्वेट यांच्या, पफबॉल नावाच्या अळंबीच्या तळलेल्या कापांना मात्र विस्कॉन्सिनच्या या कोपऱ्यातला जवळजवळ प्रत्येक माणूस "बरं आहे" म्हणालेला मी ऐकलाय, तेही तोंडात घास असताना.

सप्टेंबरात आमच्या चर्चचं गावजेवण असतं. कुस्करलेले बटाटे, खिम्याचे गोळे, लेफ्सा नावाच्या बटाट्याच्या पोळ्या, हे सगळं सगळ्या बायका मिळून करतात. पण पफबॉलचा तवा एकट्या आर्लिसबाईंचा. त्यांच्या मेंढ्यांच्या कुरणात हा भलामोठा पांढरा गोळा दरवर्षी गवतातून वर येतो. ना देठ, ना छत्री. लांबून पाहिलं तर मेंढरूच बसलंय असं वाटतं. त्यांच्या यजमानांनी, हॅल्वर यांनी, एकदा त्याला गोठ्याकडे चलण्यासाठी हाकही मारली होती. ते गेले तरी हा किस्सा गावात जिवंत आहे.

आर्लिसबाईंची शिस्त एकच. गोळा लहान असो की मोठा, तव्यावर जाण्याआधी उभा चिरायचा. आत पावासारखा पांढराशुभ्र निघाला तर तो आपला. पिवळसर झाक दिसली तर मेंढ्यांनाही नाही. आणि लहान गोळ्यात मिटलेल्या छत्रीची आकृती दिसली, तर ते विषारी अळंबीचं पिल्लू, हातसुद्धा धुवायचे. जून झालेला गोळा त्या तिथंच सोडतात. त्याच्या आतली तपकिरी भुकटी म्हणजे कोट्यवधी बीजाणू. पोरं येताजाता लाथ मारतात, भस्सकन धूर उडतो. "लाथ मारणाऱ्याला वाटतं, आपण त्याचं वाटोळं केलं," आर्लिसबाई म्हणतात, "आणि तो मनात म्हणत असतो, फार उपकार झाले." ओकच्या झाडाखाली त्याचा एक चुलतभाऊ येतो, त्याचं बाहेरचं साल फुटून चांदणीसारखं पसरतं. त्याला लाथही लागत नाही, पावसाचा एक टपोरा थेंब पुरतो.

तर अशा या बाईंना गेल्या वसंतात ताप आला आणि जाताना त्यांचं नाक घेऊन गेला. कॉफी म्हणजे गरम पाणी, गोठा आणि गुलाब सारखेच. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण मर्ना. मर्ना त्यांची नणंद आणि चर्चच्या स्वयंपाकघराची सर्वेसर्वा. आदल्या वर्षी एका बाईनं रश्शात दोनदा मीठ घातलं, तर मर्नानं तिला अगदी गोड बोलून नॅपकिनच्या घड्या घालायला बसवलं. ती बाई अजून तिथंच आहे. आपल्या हातून तवा गेला तर सप्टेंबरात उठायचं तरी कशाला, असं आर्लिसबाईंना वाटे. हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

जेवणाच्या आदल्या दिवशी चर्चची बाग बघणारा ऑर्विन लुंड टोपली घेऊन स्वयंपाकघरात आला. लायलॅकच्या झुडपांखाली त्यानं उन्हाळ्यात लाकडाचा भुसा पसरला होता, त्यात कोंबडीच्या अंड्याएवढे पांढरे गोळे उगवले होते. पिल्लू पफबॉल, त्यानं कौतुकानं सांगितलं. तेव्हाच एखादा चिरून बघायला हवा होता. पण ऑर्विननं एक गोळा सरळ आर्लिसबाईंच्या नाकाशी धरला आणि वास कसा ताजा आहे ना, असं विचारलं. बाई दचकल्या. छान, छान म्हणत त्यांनी टोपली घेतली, वर ओलं फडकं टाकलं आणि सकाळी बघते म्हणाल्या.

सकाळी मी कपबशा मांडायला मर्नाबरोबरच पोचले. आर्लिसबाई आधीच आल्या होत्या, कॉफी चढवली होती, गुणगुणत बटाटे सोलत होत्या. मर्ना दारातच थबकली. माझ्या हातातला ट्रे मी आपोआप खाली ठेवला.

"आर्लिस, काय मेलंय इथं?"

"कुठं काय?"

"कुठं काय म्हणजे? अगं, डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

बाईंनी घाईघाईनं दोनदा हुंगल्यासारखं केलं. "हां, येतोय खरा. सिंककडून येतोय. उंदीर असेल."

"सिंक त्या टोकाला आहे," मर्ना म्हणाली, "आणि माश्या तुझ्या कोपराशी घोंगावताहेत."

कोपराशी टोपली होती. मर्नानं फडकं दोन बोटांनी उचललं. रात्रीतून अंडी फुटली होती. प्रत्येकातून बोटभर जाड, पोकळ दांडा ताठ उभा, त्याच्या टोकाला हिरवट काळा चिकट लेप, आणि लेपावर माश्यांची पंगत. दांड्यांचा आकार असा की मर्नानं एकदा पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, आणि मला हळूच म्हणाली, "पास्टरना आत येऊ देऊ नकोस."

आर्लिसबाईंना तेवढ्यातही राहवलं नाही. ही स्टिंकहॉर्न अळंबी, पफबॉलच्याच गोतावळ्यातली, त्या सांगू लागल्या. याचे बीजाणू त्या लेपात असतात. माश्या सडक्या मांसाच्या आशेनं येतात, लेप खातात आणि बीजाणू घेऊन गावभर—

"किती दिवस झाले?" मर्नानं विचारलं.

बाई हातातला बटाटा फिरवत राहिल्या.

"ईस्टरपासून."

"आणि मला बोलली नाहीस."

"तू नॅपकिन दिले असतेस."

मर्नानं नाही म्हटलं नाही. खोटं बोलायची तिला सवय नाही. कॉफी उकळून बाहेर आली, ती मी उतरवली. मग मर्ना म्हणाली, "मोठा पफबॉल आण."

बाईंनी कुरणातून आणून ठेवलेला गोळा ओट्यावर घेतला आणि उभा चिरला. आतून दुधासारखा. त्यांनी बोट दाबून पाहिलं. "हे डोळ्याला दिसतं, बोटाला कळतं," त्या म्हणाल्या. "पण लोणी कधी करपायला लागतं, ते नाही कळत मला. खरं तेच आहे, मर्ना."

मर्नानं कोपऱ्यातलं स्टूल पायानं ओढलं आणि चुलीशेजारी ठाण मांडलं.

"तळ तू. करपायला लागलं की मी ओरडीन. पण आधी ती टोपली बाहेर ने. आमच्यापैकी कुणाची छाती नाही."

आर्लिसबाई टोपली काखेत मारून, भाजी आणायला निघाल्यासारख्या, लायलॅकपर्यंत चालत गेल्या. वाटेत ऑर्विन भेटला, तो चार पावलं मागे सरला. खायची नव्हती तर, एवढंच म्हणाला.

त्या संध्याकाळी रांग दारापर्यंत होती. तव्यावर अंडं आणि पावाचा चुरा लावलेले काप पडत होते आणि आतून "आच कमी कर", "केली", "अजून कर", "तू तळतेस की मी?" असं अखंड चालू होतं. हॉलमधली माणसं जेवण सोडून तेच ऐकत होती. ऑर्विननं दुसरा काप संपवला आणि "बरं आहे" म्हणाला. आतून मर्ना ओरडली, "आम्हाला माहीत आहे."

आता मर्ना रोज सकाळी रस्ता ओलांडून आर्लिसबाईंकडे जाते. दुधाची बाटली उघडते, हुंगते, मान हलवते. मग कॉफीला बसते आणि कॉफी पाणचट झाल्याची तक्रार करते. आर्लिसबाई म्हणतात, "मला काय माहीत?" आणि तिच्या कपात आणखी ओततात.