विमलाबाईंचे अनारसे

विमलाबाई खांबेटे यांच्या दुकानाला पाटी नव्हती. खरं तर दुकानही नव्हतं. डोंबिवली स्टेशनच्या पूर्वेला एका कौलारू चाळीच्या टोकाला दोन खोल्या. पुढच्या खोलीत फळीवर पत्र्याचे डबे, मागच्या खोलीत चूल, जातं आणि उखळ. डब्यांत मेतकूट, चकलीची भाजणी, कुळथाचं पीठ, उन्हाळ्यात सांडगी मिरच्या. दिवाळीत तयार फराळ, आणि अनारसे.

भाजणी करता येत नाही अशी बाई ठाणे-कल्याणच्या जुन्या घरांत क्वचितच असेल. तरीही माणसं विमलाबाईंकडे येत, त्याला कारण त्यांचं सोवळं. पहाटे आंघोळ करून, कोणाचा हात न लागलेलं लुगडं नेसून त्या चुलीपुढे बसत. काम संपेपर्यंत कोणालाही शिवत नसत. गिऱ्हाईक उंबऱ्याबाहेर उभं राही आणि पिशवी वरून सोडली जाई. एकदा शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ चुलत्याच्या सुतकात मेतकूट न्यायला आले. विमलाबाईंनी त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. "दहा दिवस जाऊ द्या, मग या. माझ्या डब्यातलं देवापुढे जातं," एवढंच त्या म्हणाल्या. गृहस्थ रागावले, पण ही गोष्ट पसरली आणि गिऱ्हाइकं वाढली.

त्यांचे पती महादेव खांबेटे गुहागरच्या बाजूला आपल्या गावी होते. त्यांनी दुसरी बाई घरात आणली तेव्हा विमलाबाई डोंबिवलीला मावशीकडे निघून आल्या. मावशी गेली, खोल्या राहिल्या. मंगळसूत्र आणि कुंकू त्यांनी ठेवलं होतं. नवऱ्याचा विषय त्या काढत नसत आणि दुसऱ्या कोणाला काढू देत नसत. वर्षाचं भाडं आणि पावसाळ्याची बेगमी दिवाळीच्या फराळावर निघे. ती दिवाळी गेली तर खोल्या जात.

१९५४ सालच्या धनत्रयोदशीला सकाळी गुणाजी आला. खांबेट्यांच्या वाडीतला हा जुना गडी आगबोटीने मुंबईला उतरून, पत्ता विचारत विचारत चाळीत पोचला होता. विमलाबाई तेव्हा अनारसे तळत होत्या. तीन दिवस भिजवलेल्या तांदळाचं, गूळ घालून मुरवलेलं पीठ. खसखशीवर थापून एक एक तुपात सोडायचा. पीठ बिघडलं तर अनारसा तुपात फुटून पसरतो, त्याला बायका अनारसा हसला म्हणतात. त्या दिवशी एकही हसला नव्हता.

"गुणाजी? तू इकडे कुठे?" त्यांनी आतूनच विचारलं. "बस ओटीवर. पाणी घे आधी."

"पानी नको, वयनी."

गुणाजी बसला नाही. उंबऱ्यापासून चार हात दूर, टोपी हातात घेऊन उभा राहिला. मृत्यूचा सांगावा आणणारा माणूस त्या घरचं पाणी घेत नाही, हे त्यांच्या गावात लहान मुलालाही ठाऊक असे. विमलाबाईंनी झारा परातीवर ठेवला.

"वयनी, मी सांगाया आलोय..."

"थांब." त्या उठल्या नाहीत. "एक शब्द बोलू नकोस. संध्याकाळी बोल. गिऱ्हाइकं संपली की मी हाक मारीन."

दूर असलेल्या माणसाला सुतक लागतं ते बातमी कानावर आल्यावर. ऐकलं नाही तोवर नाही. हा नियम गुणाजीलाही माहीत होता. तो दोन पावलं मागे सरला.

शेजारचे त्र्यंबकराव ठाण्याला कलेक्टर कचेरीत नोकरीला होते आणि तिकडच्या गिऱ्हाइकांच्या पिशव्या पोचवत. ते त्याला आपल्या ओटीवर घेऊन गेले, चहा दिला आणि थोड्या वेळाने विमलाबाईंच्या दारात आले.

"वहिनी, आता काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?"

"मला त्याने सांगितलं..."

"तुम्हाला सांगितलं. मला नाही. ठाण्याच्या पिशव्या भरून ठेवल्यात, त्या घेऊन जा. तुमची गाडी चुकेल."

त्र्यंबकरावांनी पिशव्या उचलल्या.

त्यानंतर दिवसभर माणसं येत राहिली. चकल्या, कडबोळी, चिवडा, भाजणी. विमलाबाई डबे उघडत होत्या आणि पिशव्या भरत होत्या. कपाळावर कुंकू होतं. आवाजात काही फरक नव्हता, असं त्या दिवशी येऊन गेलेल्या बायका पुढे सांगत.

दुपारी कल्याणच्या पारनाक्यावरून केतकरांची सून उत्तरा आली. केतकरांच्या घरी लक्ष्मीपूजनाला अनारशांचा नैवेद्य असे, आणि तो विमलाबाईंकडूनच जाई. उत्तराच्या सासूबाई, सरस्वतीकाकू, या विमलाबाईंच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाईक. पारनाक्यावरची निम्मी घरं त्यांच्या शब्दावर इथे आली होती.

"चकल्या घे, चिवडा घे," विमलाबाई म्हणाल्या. "अनारसे नाहीत."

"नाहीत म्हणजे? सासूबाईंनी महिनाभर आधी सांगून ठेवलंय!"

"हसले गं. सगळेच."

उत्तराने नाक वर केलं. "वास तर छान येतोय!"

"हसलेल्यांनाही वास असतो. सासूबाईंना सांग, यंदा घरी काहीतरी गोड करा."

"मला बोलतील हो त्या. म्हणतील, तूच उशिरा गेलीस."

"माझं नाव सांग."

उत्तरा चकल्यांची पिशवी घेऊन गेली. आणखी दोन घरांनी नैवेद्याला अनारसे सांगितले होते. त्यांनाही तेच उत्तर मिळालं. भरलेला डबा मागच्या खोलीत झाकून ठेवलेला होता.

दिवेलागणीला शेवटचं गिऱ्हाईक गेलं. विमलाबाईंनी चूल विझवली आणि गुणाजीला हाक मारली.

"बोल आता."

महादेव खांबेटे चार दिवसांपूर्वी तापाने गेले होते. विमलाबाईंनी एकच प्रश्न विचारला, "अग्नी कोणी दिला?" दुसरीच्या मुलाने दिला, असं गुणाजीने सांगितलं. त्या विहिरीवर गेल्या, अंगावरून पाणी घेतलं. कुंकू तिथेच पुसलं. दुसऱ्या दिवशी चाळीत अभ्यंगस्नानं चालली होती तेव्हा त्यांचं दार बंद होतं. अनारशांचा डबा त्यांनी गाईपुढे रिकामा केला.

बातमी कल्याणला पोचायला वेळ लागला नाही. गुणाजी सकाळपासून त्र्यंबकरावांच्या ओटीवर बसलेला चाळीतल्या सगळ्यांनी पाहिला होता. सुतक फिटल्यावर सरस्वतीकाकू स्वतः आल्या. उंबऱ्याबाहेरच्या नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. आधी दुखवट्याचं बोलल्या, मग विचारलं, "विमल, आमची उत्तरा आली तेव्हा तुला ठाऊक होतं का?"

नाही म्हणणं सोपं होतं. नियमाप्रमाणे ते खोटंही नव्हतं. कानावर काही आलेलं नव्हतं. सरस्वतीकाकूंनाही बहुधा तेच ऐकायचं होतं. तेवढ्यावर त्यांनी पारनाक्यावर सगळं सावरून घेतलं असतं.

"ठाऊक होतं," विमलाबाई म्हणाल्या. "गुणाजीने पाणी घेतलं नाही तेव्हाच."

"म्हणजे अनारसे..."

"हसले नव्हते."

"देवाचा मान ठेवलास. माणसांचा नाही ठेवलास."

"देवाशी खोटं वागायची हिंमत झाली नाही, काकू. तुमच्याशी झाली. ही दिवाळी गेली असती तर मला खोल्या सोडाव्या लागल्या असत्या."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही चकल्या नेल्या असत्या?"

निघताना सरस्वतीकाकू म्हणाल्या, "त्या गृहस्थांना अंगणातून परत पाठवलं होतंस तू." विमलाबाईंनी होकारार्थी मान हलवली.

पुढच्या वर्षी पारनाक्यावरून मागणी आली नाही. ठाण्याची काही घरं टिकली, डोंबिवलीत नव्याने राहायला आलेल्या नोकरदारांची थोडी वाढली. या नव्या लोकांना सोवळ्याशी फारसं देणंघेणं नव्हतं, भाजणी खमंग हवी होती. विमलाबाईंनी नैवेद्याचं काहीही विकणं बंद केलं. मागची खोली त्यांनी एका शिक्षिकेला भाड्याने दिली आणि चूल पुढच्या खोलीत आणली. सोवळं मात्र सोडलं नाही. नवं गिऱ्हाईक आलं की त्या दिवाळीची हकिगत त्या आपणहून सांगत आणि मगच डब्याला हात लावत. काही जण ऐकून निघून जात.

छप्पन सालच्या दिवाळीआधी उत्तरा एकटीच आली. पदराखाली पिशवी होती.

"चकलीची भाजणी द्या. घरी कोणालाच तशी जमत नाही. सासूबाईंची तर रोज कुरकुर, एक चकली कडक, दुसरी मऊ."

"त्यांना सांगून आलीस?"

"नाही हो! मी केली म्हणून सांगेन. त्याही खातील मिटक्या मारत."

विमलाबाईंनी डब्याचं झाकण काढलं होतं. ते त्यांनी परत बसवलं.

"विचारून ये."

"त्या नाहीच म्हणतील, विमलाबाई. मग तुमचंच नुकसान ना?"

"हो," विमलाबाई म्हणाल्या. "पण त्यांना न सांगता मी एकदा खायला घातलंय."

उत्तरा थोडी घुटमळली, मग रिकामी पिशवी घडी करून स्टेशनकडे गेली. त्या दिवाळीत ती परत आली नाही.