पदराच्या गाठीतलं डोरलं

मी काय लई शिकलेली न्हाई. लिवताना मागं-पुडं झालं तर समजून घ्या. पर ही साक्ष सांगितल्याबिगर मला चैन न्हाई. त्या रविवारी मला वाटलं होतं की येशूनं मला टाकलं, आन टाकलं ते माझ्या गळ्यातल्या डोरल्यापायी.

आमचं घर गुंजवण्याला. घरात मी एकटीच येशूला मानती. बाळंतपणाच्या वक्ताला मी लई भ्याले होते, तवा वरव्याच्या एका ताईनं डोस्क्यावर हात ठिवून प्रार्थना केली आन म्हनली, "त्यानं तुझ्यासाठी जीव दिलाय. तू कोण, कशी, हे बगून न्हाई दिला." ते माझ्या काळजात बसलं. तवापासनं मी जमंल तशी वरव्याला प्रार्थनेला जाती. तितं नेम हायेत. बांगडी नको, टिकली नको, डोरलं नको. पर नवरा जिता असताना गळा मोकळा ठिवला तर आमच्याकडं काय म्हणत्यात ते बायांना सांगायला नको. सासूबाई म्हणत्यात, "तुझ्या देवाला माझ्या लेकाचं डोरलं खुपतं व्हय? मग त्यालाच म्हनावं, ये हितं भांडी घासाया." म्हणून आमी सासुरवाशिणी प्रार्थनेच्या दाराबाहेर डोरलं काढतो, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधतो, आन जाताना परत गळ्यात घालतो. सगळ्यांना ठावं हाय. कुणी बोलत न्हाई.

त्या दिवशी बाळ सकाळपासनं कढत होतं. सासूबाई म्हनल्या, घरीच ऱ्हा. मला वाटलं, प्रार्थनेत नेलं की ताप उतरंल. जीपमदी दाटीवाटीनं बसले, लेकरू रडून रडून गळालेलं, त्याच्याकडं बगता बगता डोरलं काढायचं ध्यानातच आलं न्हाई. नेमका प्रभुभोजनाचा रविवार, येशूच्या आठवणीत भाकरी वाटत्यात तो. भाकरीचं ताट माझ्यापुडं आलं, मी हात केला, तर वाढणाऱ्या मावशींनी ताट मागं घेतलं. हळूच म्हनल्या, "गळ्यात काय हाय बग. आन मग म्हणशील पोर का तापतंय."

मावशी वाईट न्हाईत. बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनीच आणून दिले होते. पर त्यांचं बोलणं मला खरंच वाटलं. मी डोरलं काढलं, गाठीत बांधलं, आन मागं चपलांपाशी जाऊन बसले. मनात म्हनलं, काढलं बग देवा, आता तरी उतरव. उतरला न्हाई. जरा वेळानं बाळाचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले. मी उठले आन पळत सुटले. मागनं कुणी हाक मारली, पर थांबले न्हाई. चपलासुदीक घातल्या न्हाईत.

रस्त्याला भाजीचा टेम्पो थांबला. डायवरशेजारी एक बाई होती, कपाळाला रुपायाएवढं कुकू, हात भरून हिरवा चुडा. काय इचारलं न्हाई. बाळाला घेतलं, कुशीवर केलं, अंगावरचं कापड सैल केलं, आन डायवरला म्हनली, "नसरापूरला दवाखान्यात घे. भाजी काय मरत न्हाई."

डाक्टरांनी औषध दिलं. झटके थांबले. तापामुळं झालं म्हनले, ताप उतरंपातुर हितंच बसा. ती बाई पन माझ्याजवळ बाकड्यावर बसली. मी पदराची गाठ मुठीत धरून बसले होते. तिचं ध्यान पदराकडं गेलं.

"गाठीत काय गं?"

"डोरलं. देवाला चालत न्हाई."

तिनं आपली शिदोरी मांडीवर घेतली. मग फडकं सोडलं, भाकरी मोडली, आर्दी माझ्या हातावर ठिवली. "मला तुझा देव म्हाईत न्हाई बाई. घाल न्हाईतर ऱ्हाऊ दे. पर आदी खा. अंगावरचं पोर हाय तुझं."

मी त्या तुकड्याकडं बगतच ऱ्हायले. सकाळी ज्या ताटापातुर माझा हात पोचला न्हाई ते आठवलं, आन मला रडू फुटलं. रडत रडतच खाल्लं. तिनं बाटलीतलं पानी पाजलं. बाळाला पदराखाली घेतलं तर ते प्यायला लागलं, आन त्याच्या कपाळाला घाम आला. तेवढ्यात टेम्पोचा हारन वाजला. ती उठली, "येते गं," म्हनली आन गेली. नाव इचारायचं ऱ्हाऊनच गेलं.

अजून मी वरव्याला जाती. डोरलं आता काढत न्हाई. मावशी मला वगळून ताट पुडं घेऊन जात्यात. प्रार्थना घेणारे पास्टर म्हणत्यात, तुला द्यायचं का ते बगू. मी भांडत न्हाई, भांडायचं बळ पन न्हाई. येशूनं जीव दिला तवा माझा गळा बगितला न्हाई, मला एवढंच कळतं. बाळाला मांडीवर घेऊन मी मागं बसती, ताट पुडं गेलं तरी हात उघडाच ठिवती. त्यात एकदा भाकरी पडलीया. तुझे लई उपकार हायेत देवा. पुन्यांदा कुणाच्या हातानं देशील, ते तुझं तुला ठावं.