टोपलीत बसलेली चिंगी

काटोलहून आलेल्या संत्र्यांच्या टोपलीत हात घातला आणि तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, वासाने मी पुन्हा लहानपणीच्या त्या आगगाडीत जाऊन बसले. त्या वर्षी जानेवारीत बाबांची दिल्लीला बदली झाली होती. नव्या शेजाऱ्यांसाठी घेतलेली संत्री दबू नयेत म्हणून त्यांनी टोपली जवळ ठेवली आणि रजया सामानाच्या डब्यात दिल्या. सकाळी ग्वाल्हेर आलं, तेव्हा माझ्या दोन वर्षांच्या बहिणीचे, चिंगीचे, ओठ निळे पडले होते.

"रजया सोबत ठेवा म्हटलं होतं ना तुम्हाले?" आई कडाडली.

"अन् संत्री काय डोक्यावर ठेवली असती?"

आईने सरळ टोपली उपडी केली, तणस पुन्हा आत भरलं आणि चिंगीला त्यात गळ्यापर्यंत बसवलं. संत्री डबाभर घरंगळली.

"अवं, पाहून काय राहिली? उचल ना!"

कॉन्व्हेंटमधली मी, अनोळखी पायांशी वाकून "एक्सक्यूज मी" म्हणत संत्री वेचत होते. लोक हसत होते. मला सगळ्यांचाच राग आला होता, संत्र्यांचासुद्धा.

तेवढ्यात तणसातून चिंगीचा हात बाहेर आला. मी चिडूनच त्यावर संत्रं ठेवलं. हात गरम होता. मी मात्र तोंड फुगवूनच बसले.