सावलीत वाळलेला शेवगा

मिथेनॉलचा वास नाकात बसला की दुसरा कसलाच वास येत नाही. दौंडच्या कॉलेजात एम.एस्सी.चा प्रकल्प करताना माझं तसंच झालं होतं. सुट्टी लागून बाकीच्या मुली गावी गेल्या, आणि प्रयोगशाळेत उरलो मी आणि रंग मोजायचा एक जुना कलरीमीटर. त्याचाही काटा मनात आलं तरच हलायचा.

काम तसं सोपं. जांभळ्या द्रावणात वनस्पतीचा अर्क घालायचा आणि अर्धा तास अंधारात ठेवायचं. अर्कात अँटिऑक्सिडंट भरपूर असतील तर जांभळा रंग उतरून पिवळा होतो. माझ्या आधीच्या दोन्ही वनस्पतींनी मला तोंडावर पाडलं होतं. "आता तरी रंग उतरू दे, नाहीतर विषय बदल," असं सर सांगून गेले होते. विषय बदलायचा म्हणजे रेल्वे कॉलनीमागच्या माझ्या भाड्याच्या खोलीत आणखी एक वर्ष. तिथं मला ऐकू येणारं माणसाचं बोलणं म्हणजे स्टेशनवरच्या घोषणा.

शेवटची आशा म्हणून गावाकडे, मांडवगणला आमच्या बांधावर असलेल्या शेवग्याची पानं मागवली. पानं सावलीतच वाळव, ऊन अजिबात लागू देऊ नकोस, असं आईला फोनवर बजावलं. पिशवी दुधाच्या टेम्पोतून आली. थोडी पानं कुटून मी मिथेनॉलमध्ये अर्क काढला, जांभळ्या द्रावणात घातला, परीक्षानळी कपाटात ठेवली आणि नखं खात बसले.

बाहेर काढली तर पिवळी धमक! "आई शप्पथ!" मी ओरडले. रिकाम्या प्रयोगशाळेत आवाज घुमला आणि माझी मलाच लाज वाटली. सांगायला कोणीच नव्हतं. तशीच पीसीओवर पळाले आणि गावातल्या दुकानात फोन लावला. दुकानदारानं आईला बोलावून आणलं.

"आई, जमलं! रंग सगळा उतरला."

"व्हय? मग! सांगितल्यावानी सावलीतच वाळवली. पर सावलीत बुरशी धरती न्हवं, म्हणून वाईच हळद चोळली. कैरीच्या फोडींना लावतो तशी."

हळद म्हणजे अँटिऑक्सिडंटच्या आखाड्यातली पट्टीची पैलवान. रंग शेवग्यानं उतरवला की हळदीनं, ते आता देवालाच ठाऊक. ते आकडे सरांना दाखवण्यात काही अर्थ नव्हता.

"काय गं, चुकलं का काय?"

"नाही आई. लई भारी झालं."

"मग आनखी धाडू?"

"धाड. पण हळद लावू नकोस या वेळी. आणि टेम्पोत नको देऊ, तूच घेऊन ये ना."

"आले असते गं. पर म्हशीची धार कोन काढंल?"

मला रडू आलं, पण पीसीओवाला बघत होता. परत येऊन नळ्या धुतल्या आणि पिशवी खोलीवर नेली. संध्याकाळी उरलेली पानं वरणात टाकली आणि एकटीच जेवले. वेगळी हळद घालावी लागली नाही.